अंगावरचे दूध लवकर तुटले म्हणून लेकरू चंचल झाले का?

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा सात वर्षांचा मुलगा तेथील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो आणि वर्गात वयाने सर्वांत लहान आहे. तो बाकावर दोन मिनिटे टिकत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो आणि आठवड्याला दोन-तीन पेन्सिली हरवून येतो. वर्गशिक्षिकेने डायरीत ‘मुलाला एडीएचडी आहे, डॉक्टरांना दाखवावे’ असे लिहून पाठवले. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. हा मुलगा पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियनने जन्मला, वजन १ किलो ९०० ग्रॅम भरले आणि आठ दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आईला दूध उशिरा आले, बाळाला नीट ओढता येईना, आणि अडीच महिन्यांत अंगावर पाजणे पूर्ण थांबून पाणी घातलेले म्हशीचे दूध सुरू झाले. ‘वरच्या दुधाने पोराचे डोके फिरले’ असे सासूबाई तेव्हापासून म्हणत होत्याच. आता मोबाइलवर आलेल्या एका संदेशात ‘आईचे दूध न मिळालेल्या मुलांना एडीएचडी होतो, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे’ असे वाचल्यापासून या भगिनींची झोप उडाली आहे. त्यांना पुन्हा पाचवा महिना सुरू असून वैशाखात बाळंतपण आहे. त्या विचारतात, ‘हे माझ्यामुळे झाले का? दुसऱ्या बाळाला तीन वर्षे पाजले तर ते यातून वाचेल का? आणि मोठ्याची भरपाई आता कशाने होईल?’ पत्राच्या अगदी तळाशी त्यांनी लिहिले आहे, ‘सासूबाई म्हणतात, याचा बापही लहानपणी असाच होता, पण तो माझ्या दुधावर वाढला म्हणून मार्गी तरी लागला.’

ताई,

तुमच्या पत्रातील शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. तुमच्या पतींना आईचे दूध पोटभर मिळाले आणि तरीही लहानपणी ते असेच होते, असे खुद्द सासूबाई सांगतात. एकाच घरातले दोन मुलगे, एकाला भरपूर दूध आणि दुसऱ्याला अडीच महिनेच, तरी दोघांची चाल एकच. बाप-लेकाच्या एका जोडीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण फिर्यादीच जर दुसऱ्या दिशेला बोट दाखवत असेल, तर तिकडे एकदा पाहिले पाहिजे.

त्या दिशेला आनुवंशिकता आहे. जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला असता, मुलामुलांमध्ये या विकाराच्या बाबतीत जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिक कारणांशी जोडता येतो, असे आढळले आहे. उंचीच्या बाबतीत हे प्रमाण थोडेसेच अधिक असते. उंच बापाचा मुलगा उंच निघाला तर आपण त्याच्या आईने त्याला काय पाजले हे विचारत बसत नाही. मात्र हे वाचून सासूबाईंनी तुमच्या नावावर लिहिलेला दोष उचलून पतींच्या नावावर टाकू नका. डोळ्यांचा रंग जसा कोणी ठरवून देत नाही, तसेच हे आहे.

आता मोबाइलवरील संदेशाकडे येते. तो सरसकट खोटा आहे असे म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही, कारण त्यामागे काही खरी निरीक्षणे आहेत. २०१३ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी तीन महिन्यांच्या वयात अंगावर पिणारी मुले ४३ टक्के होती; त्यांच्याच, हा विकार नसलेल्या भावंडांमध्ये हे प्रमाण ६९ टक्के आणि इतर मुलांमध्ये ७३ टक्के होते. आकडे पाहून कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल. पण हा अभ्यास मागे वळून केलेला आहे. मुले मोठी झाल्यावर आयांना जुन्या गोष्टी विचारून माहिती गोळा केली गेली. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढेच त्यातून कळते. कोणती आधी आणि कोणामुळे कोणती, हे त्यातून कळत नाही. त्या भावंडांचाच विचार करून पाहा. आई तीच, घर तेच, दूधही त्याच अंगाचे. मग एकाचे पिणे लवकर का थांबले? जे बाळ जन्मतःच अस्वस्थ असते, पिता पिता मान वळवते, दोन घोट घेऊन रडू लागते, त्याचे अंगावरचे पिणे लवकर सुटण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे चंचलपणा आधी आणि दूध तुटणे नंतर, असा उलटा क्रमही शक्य आहे. शिवाय ज्या आईला स्वतःलाच एका जागी शांत बसणे जड जाते, तिला दर दोन तासांनी अर्धा तास मांडी घालून पाजणेही जड जाणार, आणि तिचे लेकरू तिच्यासारखेच निघण्याची शक्यताही मोठी असते.

तुमच्या बाबतीत तर तिसरे कारण तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे. वेळेआधी जन्मलेल्या आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये पुढे एडीएचडीचे प्रमाण अधिक दिसते, ही गोष्ट निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा आढळली आहे. पस्तिसाव्या आठवड्याच्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांची सांगड पक्की जमत नाही. ते चार वेळा ओढते आणि दमून झोपी जाते. त्यात सिझेरियन झालेले, आठ दिवस बाळ काचेत आणि आई दुसऱ्या खोलीत. अशा स्थितीत दूध उशिरा उतरते आणि वारंवार काढले नाही तर आटतेही. दूध कमी पडणे आणि पुढची चंचलता या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून, लवकर झालेल्या जन्मातून, आलेल्या असू शकतात. सासूबाईंना दूध तेवढे दिसले, कारण ते डोळ्यांसमोर घडत होते.

या गुंत्यातून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न बेलारूस देशात झाला आणि त्याची माहिती असे संदेश पाठवणाऱ्यांना सहसा नसते. तिथे १९९६ आणि १९९७ मध्ये ३१ प्रसूती रुग्णालये चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागली गेली. एका गटातील रुग्णालयांत स्तनपानाला विशेष मदत आणि मार्गदर्शन देण्यात आले, दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत सुरू ठेवली गेली. १७ हजारांहून अधिक आया आणि बाळे त्यात सहभागी होती. तीन महिन्यांच्या वयात निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण पहिल्या गटात ४३ टक्के, तर दुसऱ्यात ६ टक्के राहिले, म्हणजे फरक चांगलाच मोठा पडला. ही मुले साडेसहा वर्षांची झाल्यावर पालकांना आणि शिक्षकांना त्यांच्या वर्तनाविषयी, चंचलता आणि एकाग्रतेविषयीसुद्धा, प्रश्न विचारले गेले, आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही. भाषिक बुद्धीच्या चाचणीत मात्र पहिल्या गटाची मुले काहीशी सरस ठरली. या प्रयोगालाही मर्यादा आहे: त्यातील सर्वच आयांनी सुरुवातीला अंगावर पाजले होते, त्यामुळे थेंबभरही न मिळालेल्या बाळांविषयी तो काही सांगत नाही. परंतु तुमचा प्रश्न कमी काळ पाजण्याविषयी आहे, आणि तिथे तो बराच लागू पडतो.

तेव्हा ‘माझ्यामुळे झाले का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे, की दूध लवकर तुटल्याने मुलाला एडीएचडी होतो हे सिद्ध झालेले नाही, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत दुधापेक्षा कितीतरी बळकट अशी दोन कारणे समोर दिसत आहेत. तुम्ही पत्रात तीनदा ‘मी दूध तोडले’ असे लिहिले आहे. त्या अडीच महिन्यांत तुम्हाला हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजायला कोणी शिकवल्याचा उल्लेख मात्र पत्रात एकदाही नाही. टाके ओले असताना, रात्री अर्धवट झोपेत, रडणाऱ्या बाळाला घेऊन बसलेल्या बाईने दूध ‘तोडले’ असे मी तरी म्हणणार नाही.

त्या म्हशीच्या दुधाचा एक धागा मात्र मी सोडून देणार नाही. गायी-म्हशीच्या दुधात लोह फार कमी असते, त्यातून पाणी घातलेले असले की सगळेच पातळ होते. कमी दिवसांच्या बाळाच्या शरीरात लोहाचा साठाही मुळात कमी असतो. लोहाची कमतरता असलेले मूल चिडचिडे, थकलेले आणि लक्ष न लागणारे असते. त्यामुळे मोठ्याचे हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची चाचणी, करून घ्या. तुम्ही विचारलेल्या भरपाईपैकी खरोखर भरून काढता येण्याजोगी गोष्ट आढळली तर ती हीच असेल. बाकी शतावरी, गायीचे तूप, गळ्यातला ताईत यांतून सात वर्षांपूर्वीचे दूध परत येत नाही. गूळ-साखर बंद केल्यानेही मुले शांत होत नाहीत. साखरेमुळे मुले चंचल होतात हा समज नियंत्रित प्रयोगांत टिकलेला नाही. दातांसाठी साखर कमी केली तर उत्तमच.

इतका वेळ आपण कारण शोधत बसलो, पण मुलाला एडीएचडी आहे हे अजून ठरवले कोणी? डायरीतील एका ओळीने. बाईंचे निरीक्षण मोलाचे आहे, त्यांनी ते कळवले हेही चांगले केले. परंतु निदान करणे हे त्यांचे काम नाही. लक्ष न लागणे किंवा अतिचंचलता यांची ठरावीक लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत, ती बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाचे रोजचे जगणे अडत असावे, तेव्हाच हे नाव दिले जाते. त्याआधी ऐकू नीट येते का, फळा दिसतो का, रात्री घोरतो का, झोप पुरते का, वाचन-लेखनाची वेगळी अडचण आहे का, हे पाहावे लागते. घरात मराठी बोलणारे मूल इंग्रजीतून चाललेला तास कळत नसेल तर खिडकीबाहेर पाहणारच.

तो वर्गात सर्वांत लहान आहे, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते महत्त्वाचे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, जिथे शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात, नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याचे प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक आढळले. सात वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर पुष्कळ असते. आपल्याकडे, विशेषतः लातूरच्या निकालांकडे डोळे लावून बसलेल्या घरांत, मूल वर्षभर आधी शाळेत घालण्याची जी घाई असते, तिची किंमत अशी मुले मोजतात.

आणि तरीही तपासणी टाळू नका. तुमच्या पत्रात एक सुंदर नोंद आहे: हाच मुलगा वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या रंगांप्रमाणे लावत तासभर मान वर करत नाही, आणि त्याला तांब्याभर पाणी आणायला सांगितले की माठापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेतल्या मुंगळ्यांच्या रांगेपाशी बसून राहतो. ‘मग तिथे कसे लक्ष लागते, नाटक करतो’ असा निष्कर्ष घरात निघाला असेल. पण या विकारात अडचण असते ती लक्ष हवे तिथे नेऊन ठेवण्याची आणि नको तिथून काढून घेण्याची. आवडीच्या कामात अशी मुले बुडून जातात, त्यामुळे पिशव्यांवरून विकार नाही असेही ठरत नाही. ही नोंद डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा.

कुठे जावे, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील आरोग्य पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळा तपासतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. तुमची शाळा खासगी असल्याने पथक तिथे येईलच असे नाही. म्हणून आशाताईंमार्फत जिल्हा रुग्णालयातील, मुलांच्या वाढीतील अडचणी तपासणाऱ्या आणि डीईआयसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्राची चौकशी करा. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग आणि मनोविकार विभागही तुमच्यापासून फार दूर नाहीत. मनोविकार हा शब्द पाटीवर पाहून मागे फिरू नका.

निदान पक्के झालेच, तर या वयात वर्तनावरील काम आणि औषध दोन्ही उपयोगी ठरतात. मिथाइलफेनिडेट हे त्यातील सर्वाधिक वापरले जाणारे औषध तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. त्याने भूक मंदावू शकते आणि झोप लांबू शकते, म्हणून वजन-उंची नियमित पाहतात. औषध नको म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ‘आयुष्यभराची सवय लागेल’ या ऐकीव भीतीपोटी नको म्हणू नका. डॉक्टरांना विचारून मग ठरवा.

निदान होवो वा न होवो, काही गोष्टी उद्यापासून करता येतील. त्याला एका वेळी एकच काम सांगा, तेही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. ‘हातपाय धू, दप्तर आवर, आणि येताना पाणी आण’ यातले पहिले तेवढे त्याच्यापर्यंत पोहोचते. गृहपाठ दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा आणि मध्ये अंगणात एक फेरी मारू द्या. काम झाले की लगेच आणि नेमके बोला: ‘आज सगळ्या पेन्सिली परत आणल्यास’ या वाक्याचा जो परिणाम होतो, तो ‘शहाणा माझा बाळ’चा होत नाही. शाळेत त्याला पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवण्याची आणि मध्येच फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठण्याची कामे देण्याची विनंती बाईंना करा. त्याला वर्गाबाहेर उभे करतात असे तुम्ही लिहिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. हे प्रथम गोडीने सांगा, ऐकले नाही तर लेखी द्या.

आता येणाऱ्या बाळाविषयी. त्याला अवश्य अंगावर पाजा. जन्मानंतर तासाभरात सुरुवात, पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा पुढेही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलाब आणि न्यूमोनियापासून बाळ वाचते, हे कारण पुरेसे आहे. पण एडीएचडीवरचा विमा म्हणून पाजू नका. तीन वर्षे पाजूनही हे बाळ बापावर गेले, तर तुम्ही पुन्हा स्वतःलाच दोष देत बसाल. आणि समजा काही अडचणीने चार महिन्यांत थांबले, तर रोज त्याच्या डोळ्यांत चंचलपणा शोधाल. मोठ्याचे राहून गेलेले कर्ज धाकट्याच्या दुधातून फेडायचे नसते.

तयारी मात्र आतापासून करा. मागील खेपेस बाळ लवकर जन्मले, हे या वेळच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. घरात मिस्री लावण्याची रीत असेल आणि तुम्हीही लावत असाल, तर आजच सोडा. त्यातील तंबाखूने बाळाचे वजन घटते. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. बाळ पुन्हा लहान निघाले तर उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत आणि हाताने दूध काढणे परिचारिकेकडून रुग्णालयातच शिकून घ्या. चीक फेकू देऊ नका. वैशाखातले बाळंतपण म्हणजे ‘घसा सुकला असेल, चमचाभर पाणी द्या’ असे म्हणणारे दहा जण भेटतील. आईच्या दुधात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी लागत नाही. पाणी तुम्ही प्या.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना हा लेख वाचून दाखवून वाद जिंकण्याचा मोह होईल, पण तसे करू नका. अंबाजोगाईला किंवा जिल्ह्याला जाल त्या दिवशी मुलाचे जन्माचे कार्ड, शाळेची डायरी, दोन वह्या आणि पती यांच्यासोबत त्यांनाही घेऊन जा. घराण्यात असे आणखी कोण होते, हे डॉक्टर विचारणारच आहेत, आणि तुमचे पती लहानपणी नेमके कसे होते, हे सासूबाईंइतके बारकाईने तिथे दुसरे कोणी सांगू शकणार नाही.